हात जातो का बघा

रात्री पावणेबाराला पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघरात पहिलंच पाऊल ओल्यात पडलं. आधी वाटलं, कोणाकडून तरी सांडलं असेल. दिवा लावला तर सिंकखालच्या ट्रॉलीच्या तळपट्टीतून ओघळ निघून फरशीच्या उताराने निवांत फ्रिजकडे चाललेला. ट्रॉली ओढली. कांदे भिजलेले. त्यामागे कचऱ्याचा डबा, फिनेल, साबणाच्या वड्या, ‘लागतील कधीतरी’ म्हणून जमवलेल्या पिशव्यांची पिशवी. सगळा पसारा बाहेर काढून मी फरशीवर आडवी झाले आणि मोबाइलच्या उजेडात आत पाहिलं.

सिंकच्या नळाला जोडलेला तो स्टीलच्या जाळीचा पाईप असतो ना, त्याच्या खालच्या टोकाला थेंब धरत होता. एक सुटला की दुसरा तयार. यावर करायचं ते मला ठाऊक होतं. भिंतीतून पाणी जिथे बाहेर येतं तिथे एक छोटा अँगल कॉक असतो, तो फिरवून बंद करायचा. एका नळापुरतं पाणी तुटावं, घरादाराची पंचाईत होऊ नये, एवढ्याचसाठी तो बिचारा तिथे बसवलेला असतो.

पण तो दिसेना. सिंकचं भांडं, त्याच्या पोटाला चिकटलेला सांडपाण्याचा जाड नळ, पाणी शुद्ध करायच्या यंत्राची पांढरी नळी आणि या सगळ्यामागे फर्निचरची फळी. फळीच्या कडेला साधारण चार बोटं रुंद फट, आणि त्या फटीत, ओट्याला आधार देणाऱ्या उभ्या कडप्प्याच्या मागे कुठेतरी आमचा कॉक. हात घातला. कोपरापर्यंत गेल्यावर बोटांना एक गोल, बुळबुळीत चावी लागली. फिरवली. छान फिरली. फारच छान फिरली. दहा वेळा फिरवूनही थेंबाला काही पत्ता नाही, म्हणजे चावी नुसतीच गरगरत होती.

नवऱ्याला उठवलं. त्याचा पंजा मनगटाशीच अडकला. “सकाळी बघू” असं म्हणून त्याने खाली एक पातेलं सरकवलं. पातेलं चाळीस मिनिटांत भरलं, तेव्हा सकाळी बघू हा बेत रद्द झाला.

इथे फळीची हकिगत सांगायला हवी, कारण माझा खरा राग तिच्यावर आहे. आमची इमारत सिंहगड रस्त्यावरची, नव्वदच्या दशकातली. मूळचा ओटा साधा होता. वर काळा ग्रॅनाइट, खाली कडप्प्याच्या उभ्या फळ्या, आणि मोकळ्या खणांना आम्ही पडदे लावलेले. सहा वर्षांपूर्वी सगळ्यांचं होतं तसं आमचंही स्वयंपाकघर ‘मॉड्युलर’ झालं. कारागीर हाताने चांगला होता. मापं मिलिमीटरमध्ये घेई, कडा अशा जुळवी की नख जाऊ नये. मागची फळी बसवताना त्याने विचारलंही होतं, “मॅडम, मागून पॅक करू ना? झुरळं येणार नाहीत.” मी आनंदाने हो म्हटलं. झुरळं आली नाहीत हे खरं आहे. दुसरंही कोणी जाऊ शकलं नाही.

कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणणारा जो पेशवेकालीन नळ आहे, नानासाहेबांच्या काळातला, त्यावर वाटेत जागोजागी ‘उच्छ्वास’ बांधलेले होते. चिरेबंदी धुराड्यासारखे. कोंडलेली हवा तिथून बाहेर पडायची आणि साफसफाईला माणूसही तिथून आत उतरू शकायचा. जमिनीखाली काही पुरायचं तर पुढे कधीतरी कोणाला तरी तिथवर पोचावं लागणार, एवढी अक्कल अठराव्या शतकातल्या गवंड्याला होती. माझ्या स्वयंपाकघरात, चार फूट रुंदीच्या कपाटात, ती कोणालाच नव्हती. मलाही नव्हती, हे आडवं पडल्यापडल्या कबूल केलं.

साताऱ्याला आईच्या घरी मोरी होती. भिंतीवरून पाईप उघडा यायचा, त्याला पितळी नळ. गळायला लागला की वडील वरची चावी बंद करून नळ खोलायचे, जुन्या चपलेच्या चामड्याचं वायसर कातरून घालायचे आणि दहा मिनिटांत काम संपायचं. ते दिसायला कुरूप होतं, मला अजिबात परत नकोय. पण त्या घरात पाणी कुठून येतं आणि कुठे अडवायचं हे मला सातव्या वर्षी ठाऊक होतं. इथे बावन्नाव्या वर्षी ठाऊक नव्हतं.

तर पाऊण वाजता आम्ही गच्चीवर. वॉचमनकाका पुढे, हातात बॅटरी. टाकीच्या पायथ्याशी सहा पाईप एका ओळीत निघतात, प्रत्येकाला एक चाक. कोणता कुठे जातो हे कुठेही लिहिलेलं नाही. कधीकाळी ऑइलपेंटने लिहिलं असावं, एकावर ‘कि’ एवढंच अक्षर शिल्लक होतं. काकांनी तिसऱ्या चाकाला हात घातला. “हा तुमच्या बाजूचा किचनचा. शिंदेंच्या वेळी हाच बंद केला होता.” शिंदे जाऊन अकरा वर्षं झाली. इमारतीचा सगळा नकाशा हा असा एका माणसाच्या डोक्यात, आणि तो पुढच्या वर्षी गावाला कायमचा जाणार आहे.

चाक फिरवताना मनात हिशेब चालला होता. टाकीतल्या पाण्यापासून आमच्या ओट्यापर्यंत उंची दहा मीटर धरा. दहा मीटर पाणी म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब. अर्ध्या इंची पाईपच्या तोंडाचं क्षेत्रफळ पावणेदोन चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे सगळा जोर मिळून पावणेदोन किलो. एवढा जोर मी अंगठ्याने दाबून धरू शकले असते. सहा वर्षांच्या फर्निचरला फुगवून टाकायला निघालेला शत्रू वजनाने साखरेच्या दोन पुड्यांएवढासुद्धा नाही, या विचाराने का कोण जाणे, बरं वाटलं.

खाली आलो तेव्हा थेंब थांबला होता. आमच्या रांगेतल्या चारही घरांच्या स्वयंपाकघराचं पाणीही थांबलं होतं, पण ते सकाळी सहापर्यंत कोणाला कळणार नव्हतं.

कळलं पावणेसहाला. वरच्या काकूंचा फोन. त्यांना सगळं सांगितलं. “हो का, असू दे असू दे,” म्हणाल्या, पण ‘असू दे’ दोनदा आल्यावर ते किती वेळ असू द्यायचंय याचा अंदाज येतो.

प्लंबरदादा साडेनवाला आले. हे ओडिशाचे, केंद्रपाडा जिल्ह्यातले. पुण्या-मुंबईच्याच काय, देशभरातल्या शहरांच्या भिंतींत पाईप जोडणाऱ्यांमध्ये त्या जिल्ह्यातली माणसं फार. त्यांच्याकडे पट्टामुंडाईला सरकारची प्लंबिंग शिकवणारी स्वतंत्र संस्थाही आहे. एवढ्याशा प्रदेशाने एवढ्या मोठ्या देशाचे नळ सांभाळावेत, याचं मला नेहमी नवल वाटतं. दादा पुण्यात सतरा वर्षं आहेत आणि मराठी बोलतात. ओडियात ‘ळ’ आहे, त्यामुळे ते ‘नळ’ अगदी स्वच्छ म्हणतात, ‘नल’ नव्हे. घोळ होतो तो लिंगांचा. ओडियात ती भानगड नाही, म्हणून त्यांच्या तोंडी पाणी ‘येतो’, चावी ‘तुटला’ आणि माझा नवरा ‘ऑफिसला गेली’. आता आम्हाला त्याचं काही वाटत नाही. नवऱ्यालाही नाही.

त्यांनी वाकून पाहिलं, जीभ टाळ्याला लावून ‘टक्’ केलं आणि हात आत घातला. पंजा अडकला. बोटं जुळवून, अंगठा तळव्यात मुडपून, बांगड्या चढवताना करतात तसा केला, तरीही नाही. सतरा वर्षं पान्हे फिरवून हाताच्या गादीला जी जाडी येते तिला ती फट पुरेना. लांब दांड्याचा, टोकाला आडवा वळणारा पान्हा असतो तो काढला. पण तो वरच्या नटांसाठी. कॉकचा कोन त्याला धरता येईना.

“फळी कापावा लागेल, ताई.”

“सगळी?”

“अर्धा.”

मी फळीकडे पाहिलं. सहा वर्षांपूर्वी तिला किती पैसे पडले होते ते आठवत होतं. दादांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे पाहिलं.

“तुमचा हात जातो का बघा.”

आता खरं सांगायचं तर माझा हात बारीक आहे याचं आजवर कोणाला काही वाटलं नव्हतं. बांगडीवाल्यांकडे माझ्या मापाच्या मिळत नाहीत, एवढाच त्याचा संसारातला उपयोग. मी पदर खोचला, घड्याळ काढलं, उजव्या कुशीवर आडवी झाले आणि हात घातला. गेला. कॉक मुठीत धरता येईल इतका गेला.

तिथून पुढचा दीड तास मी हात होते आणि दादा डोकं. गंमत अशी की डोळे दोघांनाही नव्हते. हात आत गेला की फट भरून जायची आणि उजेड कितीही पाडला तरी माझ्याच दंडावर पडायचा. मी मान तिरकी करून काही दिसतंय का ते पाहू लागले तेव्हा ते म्हणाले, “डोळे बंद करा, ताई. बघायला गेला की हात चुकतो.”

डोळे मिटले. मग ती जागा हळूहळू उमगायला लागली. वर तो गळका पाईप, त्याचा षट्कोनी नट. खाली कॉकचं अंग, गुळगुळीत, एका बाजूला मात्र कढईच्या बुडासारखं खडबडीत. ते आमच्या बोअरच्या पाण्याचे क्षार. कॉक भिंतीत शिरतो तिथे एक पत्र्याची चकती, तिच्यामागे बोटाला लागणारा बारीक भुगा. गंज. हे मी बोलून दाखवत होते आणि दादा वर बसून ‘हां… हां’ करत होते, डॉक्टर नाडी धरल्यावर करतात तसे.

आधी वरचा नट निघाला, तो सोपा होता. मग कॉक. इथे दादांचा आवाज बदलला. “एकदम जोर नाही लावायचा.” भिंतीतला पाईप जी.आय.चा, जस्त चढवलेला लोखंडी, तीस वर्षं जुना. कॉक पितळेचा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं की काही पितळांमधलं जस्त पाण्यात निघून जातं आणि उरलेलं तांबं जाळीसारखं पोकळ होतं. वरून धड दिसणारा कॉक पिळला की आट्यांपाशी मोडतो आणि तुकडा भिंतीतच राहतो. मग एक्सोच्या, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या, पात्याने आतून खाचा पाडून तो तुकडा काढायचा, तोही या फटीतून. ते नाहीच जमलं तर टाईल फोडायची. हे सगळं दादांनी मला शांतपणे सांगितलं, मी आडवी असताना, हात आत अडकलेला असताना.

पान्ह्याचा जबडा मी कॉकवर बसवला आणि दांडा फटीतून बाहेर आला तो दादांनी धरला. मी जबडा निसटू द्यायचा नाही, ते जोर लावणार, अशी वाटणी. आधी किंचित आवळायच्या दिशेने. मला कळेना, काढायचंय तर आवळतोय का? “जाम झालाय ना. आधी थोडा पुढे, मग मागे. पुढे, मागे. तो स्वतः सांगेल.” कॉक बराच वेळ काहीच सांगेना. माझा खांदा भरून आला. फिनेलचा वास नाकात बसला. वरून काकूंच्या पावलांचे आवाज येत होते, त्यात अपेक्षा होती. मग जबड्यातून बोटांना एक बारीकशी ‘कर्र’ जाणवली. ऐकू आली असं म्हणणार नाही, जाणवलीच.

“हलला,” मी म्हटलं.

“हलली,” दादा म्हणाले. मराठीत दुरुस्ती केल्याच्या समाधानाने.

बाहेर काढलेला कॉक दिवाणखान्यातल्या उजेडात नीट पाहिला. भिंतीतला भाग काही आट्यांवर गुलाबी पडला होता, नखाने टोकरलं तर भुगा येईल असा. म्हणजे दादांची भीती खरी होती, आणि आम्ही अगदी थोडक्यात वाचलो होतो. चावी उपटली तर तिच्या आतले प्लॅस्टिकचे दाते झिजून सपाट झालेले, म्हणून ती नुसती गरगरत होती. मधला दांडा क्षारांनी जागच्या जागी चिणला गेलेला. सहा वर्षांत तो एकदाही फिरला नव्हता. फिरवायचं कारणच पडलं नव्हतं, आणि कारण पडलं तेव्हा त्याला फिरता येत नव्हतं.

“दोन-तीन महिन्याला एकदा बंद करून उघडायचा,” दादा म्हणाले. “कोणी करत नाही.”

“तुम्ही करता घरी?”

“नाही.”

दुकानातून त्यांनी दोन कॉक आणले होते. एक पाव फेऱ्यात बंद होणारा, आत सिरॅमिकच्या चकत्या असलेला. दुसरा जुन्या पद्धतीचा, रबरी वायसरचा, चार-पाच फेरे घ्यायला लावणारा. मी दोन्ही तळहातावर तोलले. पाव फेऱ्याचा जड होता. आंधळेपणी फिरवायचा तर पाव फेराच बरा, दांडी कुठल्या बाजूला आहे ते बोटाला लगेच कळतं. त्याच्यासोबत दादांनी दोन इंची एक्स्टेंशन निपल काढलं. “याने कॉक पुढे येईल. पुढच्या वेळी माझा हात जाईल.” पुढच्या वेळचा विचार या घरात पहिल्यांदाच कोणीतरी केला होता.

मग टेफ्लॉनची पट्टी. अर्ध्या इंचाच्या पाईपला इंचात 14 आटे असतात. कॉकच्या तोंडावर त्यातले सहा-सात. त्यावर ही पांढरी पट्टी गुंडाळायची ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून. उलटी गुंडाळली तर बसवताना सुटत जाते. दादा ओढून ताणून गुंडाळतात, दहा-बारा वेढे, शेवटी अंगठ्याच्या नखाने आट्यांत दाबतात. वडील सूत आणि सफेदा वापरायचे, त्या सफेद्याचा जवसाच्या तेलासारखा वास अजून नाकात आहे. टेफ्लॉन 1938 साली अमेरिकेत एका रसायनशास्त्रज्ञाच्या हाती अपघाताने लागलं. रॉय प्लंकेट त्याचं नाव. तो थंड करायच्या वायूंवर काम करत होता, आणि भरलेल्या टाकीतून वायू येईना म्हणून ती कापली तर आत पांढरी गुळगुळीत भुकटी. न चिकटणारा पदार्थ म्हणून त्याचं नाव तव्यांवर गाजलं, पण माझ्या घरी त्याचं खरं काम या अंधाऱ्या फटीत आहे.

निपल बसवणं म्हणजे सुई ओवण्याचं काम, पाठीमागे हात बांधून. आटे तिरके लागले तर बिघडतात, आणि पाईप भिंतीतला, त्याचे आटे गेले तर सगळंच गेलं. दादांनी युक्ती सांगितली. आधी उलटं फिरवायचं. उलटं फिरवत राहिलं की एका जागी आट्याचं तोंड आट्याच्या तोंडावरून घसरून ‘टुक्’ करून खाली बसतं. तिथे थांबायचं आणि मग सुलटं. मी उलटं फिरवलं. काहीच नाही. पुन्हा. बोटांची टोकं आता गार आणि बधिर. तिसऱ्या वेळी ते टुक् आलं, इतकं लहान की श्वास सोडला असता तर चुकलं असतं. थांबले. सुलटं फिरवलं. ते लोण्यासारखं आत गेलं, एक आटा, दोन, तीन. चौथ्याला पट्टीने धरलं.

“लागलं?”

“लागलं.”

“सरळ?”

“सरळ.”

तो एवढा संवाद मी पुन्हा पुन्हा आठवते. आयुष्यात मला बऱ्याच गोष्टी सरळ लागल्यासारख्या वाटल्या आणि नंतर तिरक्या निघाल्या. ही मात्र मला न पाहता, नक्की कळली होती.

पुढचं भराभर झालं. पान्ह्याने आवळणं, कॉक, नवा जाळीचा पाईप. पुढे आलेल्या कॉकवर आता दादांचाही हात पोचत होता. मग फळीत त्यांनी करवतीने वीतभर चौकोन कापला, पुढे कधी लागला तर. मी अडवलं नाही. त्याला चुंबकाचं झाकण मी नंतर लावून घेतलं आणि घरात आम्ही त्याला उच्छ्वास म्हणतो. पाहुण्यांना कळत नाही.

वॉचमनकाकांनी गच्चीवरचं चाक उघडलं. पाईपमध्ये आधी हवा खोकली, दोन उचक्या आल्या, मग पाणी धावलं. दादांनी प्रत्येक जोडाभोवती टिश्यूचा कागद फिरवला आणि मला दाखवला. कोरडा. पाच मिनिटांनी पुन्हा. कोरडा. नळातून मात्र लालसर पाणी आलं, बंद राहिलेल्या पाईपचा गंज सुटून आलेला. अर्धी बादली सोडल्यावर निवळलं.

दुपारी वरण टाकत होते तेव्हा वरच्या काकूंचा फोन. मी आधीच म्हणून टाकलं, “काकू, सॉरी हां, फार उशीर झाला. पाणी लाल येतंय का?”

“ते जाईल गं. मी दुसरंच विचारत होते.” त्या जरा थांबल्या. “आमचं किचन तुमच्याच माणसाने केलंय ना, मागून पॅक. आमचापण कॉक फिरत नाही. प्लंबर आत्ता इथे आलेत, ते म्हणतात, खालच्या ताईंचा हात जातो.”

मी गॅस बारीक केला आणि घड्याळ काढून ठेवलं.